कासव किती वळलं?

सातवीच्या वर्गाला एक साधं काम दिलं होतं. संगणकाच्या पडद्यावरच्या कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घ्यायचा. कासव म्हणजे पडद्याच्या मधोमध बसलेला एक छोटासा बाण. त्याला दोन गोष्टी कळतात: पुढे जाणं आणि वळणं. जाईल तिथे मागे रेघ उमटते. चौरस मुलांनी आदल्या तासाला काढला होता. पुढे १००, उजवीकडे ९०, आणि हेच चार वेळा. त्रिकोणाला बाजू तीन आणि प्रत्येक कोन ६० अंशांचा, हे तर सगळ्यांना पाठ. म्हणून सगळ्या गटांनी न डगमगता लिहिलं: पुढे १००, उजवीकडे ६०, तीन वेळा. कासव निघालं, वळलं, पुन्हा निघालं, आणि पडद्यावर कलत्या, पालथ्या घमेल्यासारखी एक उघडीच आकृती तयार झाली.

"बाई, कासव चुकलं!"

मी उत्तर दिलं नाही. बाकं मागे सरकवली आणि एका मुलीला म्हटलं, तूच कासव हो, आणि त्रिकोण चाल. ती पाच पावलं सरळ गेली, थांबली, आणि दुसऱ्या बाजूला लागण्यासाठी वळायला लागली. वळता वळता तिच्याच लक्षात आलं की आपण थोडंसं वळून भागत नाही. जवळजवळ आल्या वाटेकडे तोंड करावं लागतंय. मग फळ्यावर आकृती काढून तिनेच वर्गाला दाखवलं. त्रिकोणाच्या आतला कोन ६० अंशांचा, पण चालणारा वळतो तो बाहेरचा कोन. १८० वजा ६०, म्हणजे १२०. चौरसात आतला कोनही ९० आणि बाहेरचाही ९०, त्यामुळे हा फरक आदल्या दिवशी झाकून राहिला होता. बाह्यकोनाची व्याख्या मुलांना येत होती, परीक्षेत तिला गुणही मिळायचे. तिची गरज मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पडली.

शाळेतल्या संगणकाबद्दल बोलणं निघालं की मला हा तास आठवतो. मी शिकवलेल्या शाळांपैकी एकीत संगणकांवर सुती खोळी होत्या आणि खोलीला कुलूप. आठवड्यातून एकदा मुलं चपला बाहेर काढून आत जायची, माउस आळीपाळीने हलवायची, आणि सहामाहीत 'इनपुट उपकरणांची नावे लिहा' या प्रश्नाचं उत्तर लिहायची. नंतर प्रोजेक्टर आला आणि त्याच खोलीत मुलं धड्यांच्या चित्रफिती बघायला लागली. दोन्ही वेळी संगणक होता, सॉफ्टवेअर होतं, वीजही बऱ्यापैकी होती. फक्त मुलांनी संगणकाला कधी काही करायला सांगितलं नाही. शिक्षणात सॉफ्टवेअरचा उपयोग किती झाला हे मोजताना किती संगणक आले, किती शाळा 'डिजिटल' झाल्या हे आपण विचारतो. आज्ञा कोण कोणाला देतंय, हे मला त्याआधी विचारायचं आहे.

त्यासाठी सॉफ्टवेअर ही चीज नेमकी काय, ते जरा जवळून बघू.

सोलापुरी चादर विणणारा जकार्ड माग ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे लवकर कळेल. मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची एक माळ असते. पट्टीवर जिथे भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि मधून धोटा आडवा धागा घेऊन जातो. एक पट्टी म्हणजे विणीची एक ओळ. माग तोच, धागा तोच, विणकरही तोच. माळ बदलली की मोराच्या जागी कमळ उमटतं. फ्रान्समध्ये १८०४च्या सुमारास जोसेफ मारी जकार्डने हा माग बनवला, आणि पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात आज्ञा देण्यासाठी याच पट्ट्यांची कल्पना उचलली. माग म्हणजे हार्डवेअर, पट्ट्यांची माळ म्हणजे सॉफ्टवेअर. 'सॉफ्टवेअर' हा शब्द या अर्थाने छापून आला तो फार उशिरा, १९५८ साली, अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्युकी यांच्या एका लेखात. मराठीत 'आज्ञावली' असा शब्द आहे. तो बोलण्यात रुळला नाही, पण मला तो आवडतो, कारण वस्तूचं मर्म त्यात आहे. ओळीने मांडलेल्या आज्ञा, एवढंच ते असतं.

फरक इतकाच की मागाची माळ ठरलेल्या क्रमाने फिरते. संगणकाच्या आज्ञावलीत आणखी तीन सोयी असतात. एखादी गोष्ट नाव देऊन लक्षात ठेवता येते. एखादा आज्ञांचा गट हवा तितक्या वेळा फिरवता येतो. आणि 'असं असेल तर हे, नाहीतर ते' असा निर्णय घेता येतो. बँकेचा व्यवहार, रेल्वेचं आरक्षण, मोबाइलवरचा नकाशा, सगळं शेवटी या तीन सोयींच्या बळावर उभं असतं. यंत्राच्या मुळाशी असलेला प्रोसेसर फार थोडं जाणतो: दोन संख्यांची बेरीज कर, यातली मोठी कोणती ते बघ, हा आकडा तिकडे ठेव, अमुक ओळीवर उडी मार. 'पुढे १००' हे त्याला थेट कळत नाही. मधला एक प्रोग्राम ते वाचतो, कासवाचं तोंड आत्ता कुठल्या दिशेला आहे ते बघतो, साइन-कोसाइन वापरून शंभर पावलांनंतरचा बिंदू काढतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो की या दोन बिंदूंमधले ठिपके काळे कर. सातवीतल्या मुलाच्या एका आज्ञेखाली अशा किती आज्ञा दडलेल्या असतात, आणि त्यातली प्रत्येक कुणीतरी माणसाने, कधीतरी, काहीतरी गृहीत धरून लिहिलेली असते. हे 'गृहीत धरून' महत्त्वाचं आहे. त्याच्याकडे पुढे परत येईन.

कासवाची गोष्ट १९६७ साली अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात सुरू होते. वॉली फॉयर्झाइग, सिमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि त्यांचे सहकारी यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. ग्रीक भाषेत 'लोगॉस' म्हणजे शब्द. पॅपर्ट दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले गणितज्ञ. जिनिव्हात जाँ पियाजे यांच्याबरोबर काही वर्षं काम केलेले. मूल ज्ञान बाहेरून भरून घेत नाही, आपल्या अनुभवातून ते रचतं, हा पियाजेंचा विचार त्यांनी तिथे मुरवून घेतला होता. स्वतःच्या लहानपणाबद्दल त्यांनी लिहून ठेवलंय की त्यांना मोटारीतल्या दातेरी चाकांचं वेड होतं. एक चाक फिरलं की दुसरं किती फिरेल याचा विचार करता करता पाढे आणि पुढे समीकरणंही त्यांना ओळखीची वाटायला लागली. पण प्रत्येक मुलाला दातेरी चाकांचं वेड कुठून लागणार? ज्याला ज्या वस्तूचं वेड, तिचं रूप घेऊ शकेल असं एखादं यंत्र हवं. संगणक असं यंत्र आहे, असं त्यांना वाटलं. १९८०च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर मांडलं. बहुतेक ठिकाणी संगणक मुलाला चालवतो. मुलाने संगणकाला चालवावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

सुरुवातीच्या लोगोत कासव नव्हतंच. लेक्सिंग्टन गावातल्या एका शाळेत १९६८-६९ मध्ये सातवीच्या मुलांनी वर्षभर लोगो वापरली ती शब्दांचे आणि वाक्यांचे खेळ करण्यासाठी. जमिनीवर चालणारं यंत्रकासव आणि पडद्यावरचं कासव त्यानंतर आलं. 'माइंडस्टॉर्म्स'मध्ये जेनी नावाच्या तेरा वर्षांच्या मुलीची हकिकत आहे. तिचा वर्ग संगणकाकडून आपोआप कविता रचून घ्यायचा प्रयत्न करत होता: शब्दांच्या याद्या द्यायच्या, संगणकाने त्यातून कुठलेही शब्द उचलून वाक्यं जुळवायची. एक दिवस ती आली ती हरखूनच. नाम आणि क्रियापद असे वेगळे प्रकार कशासाठी असतात ते तिला आता कळलं होतं. वर्षानुवर्षं शिकवूनही न कळलेली गोष्ट संगणकाला सांगायची वेळ आली तेव्हा कळली, कारण याद्या वेगळ्या केल्याशिवाय वाक्य जमेना.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, जेनीला इंग्रजीत दोन याद्यांवर भागलं. मराठीत काय होईल?

मी हा खेळ आठवीच्या मुलांबरोबर केला. तीन याद्या: विशेषणं काळा, मोठा, लबाड, सुंदर, नामं गाय, झाड, बोका, आजी, ढग, क्रियापदं धावतो, हसतो, पडतो. संगणकाने प्रत्येक यादीतून एकेक शब्द उचलायचा. पहिलंच वाक्य आलं, 'काळा गाय धावतो'. मग 'मोठा आजी पडतो'. मग 'लबाड झाड हसतो'. वर्ग हसून लोळत होता. हसू ओसरल्यावर मी विचारलं, यात नेमकं चुकलं काय? मुलांनी आधी झाडाला धरलं, कारण झाड हसत नाही. पण 'झाड हसतं' असं वाक्य आलं असतं तर? ते कवितेत चालेल, असं एकजण म्हणाला. 'झाड हसतो' मात्र कुठेच चालणार नाही. अर्थाने विचित्र वाक्य आणि व्याकरणाने मोडलेलं वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाषाशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असं निरीक्षण आठवीच्या वर्गाने पाच मिनिटांत केलं.

मग दुरुस्ती. प्रत्येक नामाला त्याचं लिंग लिहून द्यावं लागलं, कारण संगणकाला ते माहीत असण्याचं काहीच कारण नाही. क्रियापदाची तीन रूपं झाली. विशेषणाशी आल्यावर मुलांना शोध लागला की 'लबाड' आणि 'सुंदर' कुणाही पुढे तसेच राहतात, 'काळा' आणि 'मोठा' मात्र बदलतात. विकारी आणि अविकारी विशेषणं, पुस्तकातला रटाळ वाटणारा तो भाग, इथे एक ओळीचा नियम झाला: शेवटी काना असेल तर स्त्रीलिंगी नामापुढे त्याची वेलांटी कर, नपुंसकलिंगी नामापुढे अनुस्वार दे. दुसऱ्या दिवशी एका मुलाने यादीत मुद्दाम 'जादा' घातला आणि संगणकाने 'जादी गाडी' दिली. नियमाला अपवाद सापडल्याचा त्याला झालेला आनंद मी विसरणार नाही. पुढे कुणाला 'वर' जोडायची हौस आली. झाड अधिक वर, झाडवर? नाही, झाडावर. गाय, गायीवर. बोका, बोक्यावर. सामान्यरूप नावाचा मराठीतला सगळ्यात अवघड डोंगर आम्ही त्या वर्षी पूर्ण चढलो नाही, पण मुलं त्याच्या पायथ्याशी स्वतःच्या पायांनी गेली होती.

या खेळात संगणक हुशार नाही, हाच त्याचा मोठा गुण. समजून घेणाऱ्या माणसाला आपण अर्धवट सांगतो आणि तो उरलेलं भरून घेतो. 'चहात साखर घाल' म्हटलं की कुणी डबा उपडा करत नाही. संगणक काहीच भरून घेत नाही. त्यामुळे त्याला शिकवताना आपल्याला जे येतं असं वाटत होतं त्यातल्या फटी दिसायला लागतात. आणि चूक झाली तर तो रागावत नाही, गुण कापत नाही, फक्त तुम्ही सांगितलंत तसंच करून दाखवतो. प्रोग्रामर लोक चुकीला 'बग' म्हणतात आणि ती शोधून काढण्याला 'डीबगिंग'. कुठलाही प्रोग्राम पहिल्या फटक्यात बरोबर चालत नाही, अनुभवी माणसाचाही नाही. वहीतल्या लाल फुलीची भीती बसलेल्या मुलाला ही हवा फार मानवते. 'बरोबर की चूक' याऐवजी 'कुठल्या ओळीपर्यंत बरोबर आहे' असं ते विचारायला लागतं.

आता त्या गृहीतांकडे. शब्द उलटा वाचला तरी तोच राहतो का, हे तपासणारा प्रोग्राम लिहायला सोपा: शब्द उलटवा आणि मूळ शब्दाशी ताडून बघा. मुलांनी पायथन भाषेत लिहिला. 'सरस' चाललं, 'कनक' चाललं, 'जलज' चाललं. 'नवजीवन' मात्र संगणकाने नाकारलं आणि उलटा शब्द म्हणून 'नवीजवन' दाखवलं. 'डालडा' उलटवला तर सुरुवातीलाच एक निराधार काना, ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकलेला.

कारण शोधायला आम्हाला दोन तास लागले. संगणक अक्षरं साठवत नाही, आकडे साठवतो. जगातल्या लिप्यांना असे आकडे देणाऱ्या युनिकोड मानकाची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली आणि देवनागरी तेव्हापासून त्यात आहे. त्यात 'न' म्हणजे २३४४, 'व' म्हणजे २३५७, 'ज' म्हणजे २३३२, आणि दीर्घ वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह, २३६८. म्हणजे आपल्या डोळ्यांना पाच अक्षरी दिसणारा 'नवजीवन' संगणकासाठी सहा आकड्यांची रांग असतो. रांग उलटवली की वेलांटी 'ज'ची साथ सोडून 'व'ला जाऊन चिकटते. ऱ्हस्व वेलांटीची गंमत तर आणखी पुढची: कागदावर ती अक्षराच्या आधी येते, साठवणीत अक्षरानंतर. 'शिक्षक' या शब्दात तुम्हाआम्हाला तीन अक्षरं दिसतात, पायथन मोजतो सहा. अक्षर म्हणजे एक सुटं चिन्ह हे गृहीत इंग्रजीपुरतं खरं. मराठीत अक्षर हा जुळवून तयार होणारा घास आहे. मुलांनी मग वेलांटी, काना, मात्रा यांना आधीच्या व्यंजनापासून न तोडणारी आपली 'उलटव' लिहिली. बाराखडी आणि जोडाक्षरं पहिलीत गिरवलेल्या मुलांनी त्यांची रचना आठवीत अशी पुन्हा उकलून पाहिली.

युनिकोड सर्वत्र रुळण्याआधीचे दिवस माझ्या वयाच्या शिक्षकांना आठवत असतील. प्रत्येक फॉन्टचा स्वतःचा खासगी संकेत असायचा. मोठ्या कष्टाने टंकलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा दिसायचा. मराठी मजकूर शोधता येत नसे, क्रमाने लावता येत नसे. आज मोबाइलवर सहज मराठी लिहिणाऱ्या मुलाला यामागचं काम दिसत नाही, आणि म्हणूनच ते त्याला एकदा दाखवावं असं मला वाटतं.

इथवर मी मुलाने संगणकाला शिकवण्याबद्दल बोलले. उलट बाजूला, संगणकाने मुलाला शिकवण्याला, मी कमी लेखत नाही. ती वाटही जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठात १९६० साली डोनाल्ड बिट्झर यांनी 'प्लेटो' ही प्रणाली सुरू केली. ती मुलांना धडा दाखवायची, प्रश्न विचारायची, उत्तर तपासायची. अशा सॉफ्टवेअरचा कस लागतो तो चुकीच्या उत्तरावर. एखादं मूल ५२ मधून ३७ वजा करून २५ उत्तर देतं. नुसतं 'चूक' म्हणणारा प्रोग्राम दहा ओळींत लिहिता येईल. पण २५ हे उत्तर आभाळातून पडलेलं नाही. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन काढले. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली अशाच वजाबाकीच्या चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला आणि 'बग्गी' नावाचा प्रोग्राम बनवला. त्यात संगणक एखाद्या ठरावीक गैरसमजाने चुकणाऱ्या मुलाचं सोंग घ्यायचा आणि शिक्षकाने तो गैरसमज ओळखायचा. मुलाच्या चुकीमागे एक पद्धत असते, हे शिक्षकाला पटवणारं याहून चांगलं साधन मला माहीत नाही. ३.१२ हे ३.५ पेक्षा मोठं म्हणणारं मूल बारा आणि पाच यांची तुलना करत असतं. हे ओळखून पुढचा प्रश्न निवडणारं सॉफ्टवेअर चाळीस मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षकाला खरोखर हात देतं.

याचा पुरावाही आहे, आणि तो आपल्याच देशातला. दिल्लीत कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी ६१९ मुलांचा अभ्यास केला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यातली सहावीतली मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. म्हणजे वर्गात सहावीचं पुस्तक चालू आणि मूल तिसरी-चौथीत अडकलेलं. सोडत काढून निवडलेल्या मुलांना शाळेनंतरच्या केंद्रांत, ज्याची जी पातळी असेल तिथून सुरुवात करणारं 'माइंडस्पार्क' हे सॉफ्टवेअर वापरायला मिळालं आणि जोडीला छोट्या गटात शिकवणारा माणूसही. साडेचार महिन्यांत ही मुलं गणितात आणि हिंदीत इतरांच्या स्पष्ट पुढे गेली.

याच्या शेजारी गुजरातमधला एक आधीचा अभ्यास ठेवून बघावा. 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत ली लिंडेन यांनी गणिताचं एकच सॉफ्टवेअर दोन तऱ्हांनी वापरून पाहिलं. काही ठिकाणी ते शिक्षकाच्या शिकवण्याचा वेळ कापून चालवलं. तिथे मुलं एरवीपेक्षा कमी शिकली. काही ठिकाणी ते शाळेच्या वेळेबाहेर, जास्तीचं म्हणून दिलं. तिथे मुलांना, विशेषतः मागे पडलेल्यांना, फायदा झाला. सॉफ्टवेअर तेच. चांगल्या शिक्षकाचा तास काढून त्या जागी ते बसवलं की नुकसान, त्या तासाला जोडून दिलं की लाभ. शाळेचं वेळापत्रक करणाऱ्या प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर हा निष्कर्ष असायला हवा.

आणि पॅपर्ट यांच्या बाजूचं अपयशही सांगायलाच हवं. त्यांच्या विचारांतून स्फूर्ती घेऊन निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ साली प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याची मोहीम जाहीर केली. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये कासव होतं, चित्रं, संगीत, लेखन, सगळं होतं. आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट या वस्तीतल्या छोट्या शाळेत २००७ साली ते आले. पेरू देशाने तर आठ लाखांहून अधिक लॅपटॉप वाटले. तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांचा अभ्यास २०१२ साली बाहेर आला, आणि गणित व भाषेच्या चाचण्यांत लॅपटॉप मिळालेल्या शाळा पुढे गेल्याचं दिसलं नाही. मला याचं फार आश्चर्य वाटत नाही. माझ्या वर्गातलं कासव बोलकं झालं ते एक मुलगी फरशीवर चालली म्हणून, आणि कुठे थांबून कुणाला चालायला लावायचं हे ठरवायला कुणीतरी तिथे होतं म्हणून. लॅपटॉप पोचवणं हे मालवाहतुकीचं काम आहे. त्याच्याबरोबर शिक्षकाची तयारी पोचली नाही तर पेटी उघडते, वर्ग उघडत नाही.

महाराष्ट्रात आजवर सगळ्यात जास्त जोर प्रौढांच्या संगणक साक्षरतेवर आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर राहिला. २००१ पासून चाललेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्यातालुक्यात माणसं की-बोर्डला धीटपणे हात लावू लागली, ते मोठंच काम. क्यूआर कोडची कल्पना सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतून पुढे आली. ती रुजवणारे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पण कोड स्कॅन करून बहुतेक वेळा चित्रफीत उघडते, आणि चित्रफितीला प्रश्न विचारता येत नाही, तिच्यातला आकडा बदलून बघता येत नाही. ज्यांत बदलून बघता येतं अशी साधनं मोफत आहेत. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात सुरू केलेलं जिओजेब्रा घ्या. त्यात त्रिकोण काढला आणि तिन्ही कोनांची बेरीज पडद्यावर लिहायला लावली, मग शिरोबिंदू धरून हवा तसा ओढला, तरी १८० हलत नाही. कोलोरॅडो विद्यापीठाची 'फेट' ही विज्ञानाची अनुकरणं आहेत. त्यातली अनेक मराठीतही मिळतात. विजेच्या मंडलात दिवा जोडायचा, बॅटरी वाढवायची, काय होतं ते बघायचं. फक्त खरी तार आणि खरी बॅटरी हातात दिल्याशिवाय थेट पडद्यावर जाऊ नये, एवढं मी सांगेन. खरी तार सैल असते, खरा दिवा गेलेला असतो, आणि तेही शिकायचं असतं.

ज्यांची आज्ञावली उघडून वाचता येते, बदलता येते आणि वाटता येते अशी मुक्त सॉफ्टवेअरं शाळांनी निवडावीत, असं माझं मत आहे. केरळने आपल्या सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर आणलं आणि शिक्षकांना त्यावर तयार केलं. पैसे वाचतात हा त्यातला लहान भाग. लिब्रेऑफिस या मुक्त लेखन-सॉफ्टवेअरमध्ये लोगोचं कासव आधीपासून बसवलेलं आहे, म्हणजे निबंध टंकायच्या पानावरच त्रिकोणही काढता येतो. आणि 'नवजीवन' उलटवताना सापडली तशी उणीव एखाद्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सापडली, तर ती दुरुस्त करण्याचा हक्क त्या शोधणाऱ्या मुलीलाही असतो.

आता मुलांच्या हातात मागितल्यावर पूर्ण प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं आली आहेत. २०२२च्या नोव्हेंबरपासून ती सगळ्यांना खुली झाली, आणि मला काळजी वाटते ती एकाच जागेची. 'समभुज त्रिकोण काढणारा प्रोग्राम दे' म्हटलं की १२० लिहिलेलं तयार मिळतं. ६० लिहून झालेलं घमेलं मुलाला दिसतच नाही. म्हणून मी क्रम उलटा ठेवते: आधी आपण लिहायचं, चुकायचं, कारण शोधायचं, आणि मग त्या साधनाला विचारून त्याचं उत्तर आपल्या उत्तराशी ताडून बघायचं.

त्या सातवीच्या वर्गात त्रिकोणानंतर पंचकोन आला, ७२ अंशांचा. मग षटकोन, ६०चा. तेव्हा एकाला आधीचं घमेलं आठवलं: ते अर्धा षटकोन होतं! मुलांनी एक तक्ता केला आणि त्यांना दिसलं की बाजू कितीही असोत, वळणांची बेरीज ३६० होते. कासवाने एक पूर्ण गिरकी घेतली की ते घरी येतं. मग पाच टोकांची चांदणी काढायची ठरली. तिला प्रत्येक टोकाशी १४४ अंश वळावं लागतं. पाच वेळा, एकूण ७२०, म्हणजे दोन गिरक्या. एका मुलीच्या हातून १४४ ऐवजी १४५ टंकलं गेलं. चांदणी मिटेना, शेवटचं टोक पहिल्यापाशी येऊन जरासं हुकलं. ती दुरुस्त करायला गेली, तेवढ्यात शेजारणीने तिचा हात धरला आणि 'पाच वेळा'च्या जागी 'शंभर वेळा' लिहिलं.

कासव फिरत राहिलं. चांदणीवर चांदणी, प्रत्येक थोडी सरकलेली, मधे एक पोकळ वर्तुळ, आणि बघता बघता पडद्यावर दिवाळीतल्या रांगोळीसारखी एक गोल जाळी उभी राहिली. सगळा वर्ग त्या एका संगणकाभोवती गोळा झाला. जाळी पूर्ण झाल्यावरही कासव फिरतच होतं, आधीच्याच रेघांवरून. मग किती वेळा पुरे? मुलांनी आकडा कमी-जास्त करून पाहिला. ७१ला एक रेघ राहते, ७२ला जाळी बरोबर मिटते.

"पण ७२च का, बाई?"

घंटा झाली होती. दोघीजणी दप्तर न उचलता बाकावर बसल्या आणि १४५ला ७२ने गुणायला लागल्या. १०४४० आले. त्यांनी त्याला ३६०ने भागलं. भाग पूर्ण गेला, २९ वेळा.